रंगाची साक्ष

१८३८ सालच्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स व्हीटस्टन यांचा एक निबंध वाचला गेला. व्हीटस्टन किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते. वाद्यं बनवणाऱ्या घराण्यातला हा माणूस विजेच्या तारायंत्राच्या जनकांपैकी एक म्हणूनही ओळखला जातो. निबंधाचा विषय मात्र डोळ्यांचा होता: आपल्या डोळ्यांतली प्रतिमा सपाट असते, तरी समोरच्या जगाला खोली कुठून येते? उत्तरासाठी त्यांनी एक साधं यंत्र तयार केलं होतं. मधोमध काटकोनात बसवलेले दोन आरसे, डावीकडे एक चित्र, उजवीकडे एक. डाव्या डोळ्याला फक्त डावं चित्र दिसे, उजव्याला फक्त उजवं. दोन्ही चित्रं एकाच वस्तूची, पण एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून काढलेलं आणि दुसरं उजव्या. आरशांशी नाक नेलं की कागदावरच्या रेघांमधून घन उभा राही, शंकू पुढे येई. या यंत्राला त्यांनी ‘स्टिरिओस्कोप’ असं नाव दिलं.

ती सगळी चित्रं नुसत्या बाह्यरेषांची होती. रंग नाही, छायाप्रकाश नाही. याचं कारण व्हीटस्टन यांनी निबंधातच दिलं आहे. रंग किंवा छटा घातल्या असत्या, तर चित्राला आलेला उठाव त्यांच्यामुळेच आला अशी शंका कुणी घेतली असती. ती वाट बंद करावी म्हणून त्यांनी या दोन्ही गोष्टी वगळल्या. पण लगेच पुढे ते असंही म्हणतात की खऱ्या वस्तूचा हुबेहूब भास हवा असेल, तर परिणाम वाढवायला छाया आणि रंग जरूर वापरावेत.

एका वेळी एकच कारण तपासायचं, बाकीची बाजूला ठेवायची, ही चांगल्या प्रयोगाची रीतच आहे. पण पुढच्या दीडशे वर्षांत व्हीटस्टन यांच्या दोन वाक्यांपैकी पहिलं टिकलं आणि दुसरं गळून पडलं. प्रयोगाच्या सोयीसाठी बाहेर ठेवलेला रंग हळूहळू डोळ्याच्या कारभारातूनच बाहेर काढला गेला. ‘रंगाशिवाय खोली दिसते’ हे सिद्ध झालं होतं. त्याचं ‘रंगाचा खोलीशी संबंध नाही’ कधी झालं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. हा निष्कर्ष कसा घडला, पाठ्यपुस्तकांत कसा शिरला आणि मग कसा ढासळला, याची ही हकिकत आहे. मी दृष्टिविज्ञानात पीएचडी करून सध्या माँट्रियलमध्ये पोस्टडॉक करते, त्यामुळे हे भांडण माझ्या रोजच्या कामाच्या टेबलावर आहे.

चित्रकारांना मात्र हे सांगायची गरज कधीच नव्हती. दूरच्या गोष्टी निळसर आणि फिकट होत जातात, हे लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत पायरीपायरीने लिहून ठेवलं आहे. जितकी वस्तू दूर, तितकी ती अधिक निळी रंगवावी. त्याच्या टिपणांतून संकलित केलेला चित्रकलेवरचा ग्रंथ १६५१ साली छापला गेला. सह्याद्रीच्या कुठल्याही घाटमाथ्यावर उभं राहिलेल्या माणसाला हे पाठ असतं. जवळची रांग हिरवी, तिच्यामागची निळसर हिरवी, मग निळी, मग आभाळात विरून जाणारी. ‘दुरून डोंगर साजरे’ असं आपण म्हणतो ते टोमणा म्हणून, पण ते दुरून साजरे दिसतात याला हा निळा रंगही कारण आहे. मधल्या हवेतले सूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. जितकी हवा जास्त, तितका हा निळा पदर जाड.

इथे रंग खरोखर अंतर सांगतो, आणि तेही अशा ठिकाणी जिथे व्हीटस्टन यांची युक्ती चालत नाही. आपल्या दोन डोळ्यांत सरासरी सहा सेंटिमीटरांहून थोडंसंच जास्त अंतर असतं. हातातल्या सुईत दोरा ओवायला ते पुरतं. दहा-वीस किलोमीटरवरच्या दोन डोंगररांगा मात्र दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारख्याच दिसतात. तिथे पुढची रांग कोणती आणि मागची कोणती हे ठरवताना रंग आणि फिकटपणा कामी येतात. पण हे ‘चित्रकारांचं ज्ञान’ होतं. प्रयोगशाळेतल्या लोकांनी ते मान्य केलं आणि बाजूला ठेवलं.

प्रयोगशाळेत रंग आला तो वेगळ्याच दाराने, आणि आला तोच बदनाम होऊन. स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर हे व्हीटस्टन यांचे प्रतिस्पर्धी. भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप त्यांचा. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला तो आवडला आणि युरोपातल्या घराघरांत गेला. याच ब्रूस्टरना १८४० च्या दशकाच्या अखेरीस एक गंमत आढळली. दोन्ही डोळ्यांपुढे मावेल एवढ्या मोठ्या भिंगातून नकाशा पाहिला, तर लाल सीमारेषा आणि निळी सीमारेषा वेगवेगळ्या अंतरावर दिसतात. कागद सपाट, शाई सपाट, तरी एक रेघ वर तरंगते आणि दुसरी खाली बसते. काळ्या पार्श्वभूमीवर लाल आणि निळी अक्षरं शेजारीशेजारी असलेली दुकानाची पाटी रात्री पाहिलीत, तर हे भिंगाशिवायही दिसतं. बहुतेकांना लाल पुढे वाटतं, काहींना निळं.

या कोड्याचं नीट उत्तर १८८५ साली नेदरलंड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या एका तरुणाने आपल्या प्रबंधात दिलं. त्याचं नाव विलेम आइंटहोवेन. जन्म जावा बेटावरच्या समारांगचा. पुढे हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे आपल्या ओळखीचा ईसीजी, विकसित केल्याबद्दल १९२४ चं नोबेल मिळालं तेच हे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. डोळा म्हणजे भिंग, आणि कुठलंही साधं भिंग लोलकासारखं निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा जास्त वळवतं. त्यात आपली नजर डोळ्याच्या भिंगांच्या अगदी मध्यातून न जाता थोडी तिरकी जाते. त्यामुळे लाल ठिपका आणि निळा ठिपका दृष्टिपटलावर एकमेकांपासून किंचित सरकतात, आणि दोन डोळ्यांत विरुद्ध दिशांना सरकतात. मेंदूला मिळतो तो व्हीटस्टनच्या चित्रांतल्यासारखाच दोन डोळ्यांतला फरक, आणि मेंदू त्याची खोली करतो. बाहुलीची एक बाजू झाकली की हा परिणाम उलटवता येतो, हेही आइंटहोवेन यांनी दाखवलं.

उत्तर सुरेख होतं, पण रंगाच्या बाजूने पाहिलं तर निकाल विरोधात गेला. या खोलीत रंगाचं रंग म्हणून काहीच काम नव्हतं. तो भिंगाचा दोष होता, आणि डोळ्याला जे कळलं ते अंतरातला फरक म्हणून कळलं. यापुढे ‘रंगामुळे खोली दिसली’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्या भिंगाने तर नाही ना घोटाळा केला?

विसाव्या शतकात हा संशय आणखी पक्का झाला. १९२७ साली जर्मनीत सुझान लीबमन यांनी एक विचित्र निरीक्षण नोंदवलं. रंगीत आकृती राखाडी पार्श्वभूमीवर ठेवायची आणि दोन्हींचा उजळपणा अगदी समान करायचा. रंगातला फरक तर स्पष्ट दिसतो, पण आकृतीच्या कडा विरघळतात, ती डळमळते, धड कुठे आहे ते कळेना होतं. उजळपणा आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे लक्षात ठेवायला हवं. कृष्णधवल छायाचित्रात जे उरतं तो उजळपणा, आणि जे निघून जातं तो रंग. लीबमन यांच्या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला असता, तर आकृती साफ नाहीशी झाली असती.

मग दृश्य बदलतं ते न्यू जर्सीत, आज आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या भागात. मरे हिल इथल्या बेल प्रयोगशाळेत बेला यूलेश हे हंगेरियन संशोधक काम करत होते. १९५६ च्या उठावानंतर देश सोडून आलेले, मूळचे रडारच्या क्षेत्रातले. हवाई छायाचित्रांत झाडोऱ्यासारखी रंगवून लपवलेली वस्तू एका फोटोत मुळीच दिसत नाही, पण दोन फोटो स्टिरिओस्कोपमधून पाहिले की उठून दिसते, हे त्यांना ठाऊक होतं. १९६० साली त्यांनी संगणकाकडून काढून घेतलेली चित्रं प्रसिद्ध केली. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता धुरळा. एका चित्रातला मधला चौकोनी भाग किंचित सरकवलेला. एकेकटं पाहिलं तर काहीही नाही, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की चौकोन हवेत तरंगतो. खोली दिसण्यासाठी आधी वस्तू ओळखावी लागत नाही, हे यातून सिद्ध झालं.

याच ठिपक्यांवर रंगाची अंतिम परीक्षा झाली. १९७२ साली कॅलिफोर्नियात लू आणि डेरेक फेंडर यांनी काळ्या-पांढऱ्याऐवजी लाल-हिरवे वगैरे ठिपके वापरले आणि दोन्ही रंगांचा उजळपणा समान केला. ठिपके व्यवस्थित दिसत होते, रंग व्यवस्थित दिसत होते. खोली मात्र गेली.

१९८७ आणि १९८८ साली हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंग्स्टन आणि डेव्हिड ह्यूबेल यांनी या सगळ्याला शरीररचनेचा आधार दिला. ह्यूबेल हे १९८१ चे नोबेल विजेते, त्यामुळे शब्दाला वजन होतं. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारे दोन मुख्य मार्ग आहेत, एक मोठ्या पेशींचा आणि एक लहान पेशींचा. मोठ्या पेशी चपळ, पण त्यांना रंग जवळजवळ कळत नाही. लहान पेशींना रंग आणि बारकावे कळतात. त्यांचा दावा असा होता की हालचाल आणि खोली ही कामं मोठ्या पेशींच्या मार्गावर होतात. समान उजळपणाच्या चित्रांत दोन डोळ्यांची खोली जाते, सावलीवरून कळणारा आकार जातो, रेषांच्या यथादर्शनातली खोलीही जाते, असं त्यांनी मांडलं. म्हणजे खोली पाहणारी यंत्रणाच रंगांधळी. लिव्हिंग्स्टन यांनी पुढे चित्रकलेतूनही उदाहरणं दिली. क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रातला केशरी सूर्य भोवतालच्या राखाडी आभाळाइतकाच उजळ आहे. चित्र कृष्णधवल केलं की सूर्य जवळपास गायब होतो. तो तसा थरथरल्यासारखा वाटतो तो यामुळेच, असं त्यांचं म्हणणं.

ही मांडणी इतकी नेटकी होती की तिच्या प्रेमात न पडणं कठीण. दोन मार्ग, दोन कामं. रंग एकीकडे, खोली दुसरीकडे. माझ्या पिढीनेही ती पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसकट शिकली आहे.

पण प्रतिवाद सुरू झाला होता, आणि तो बराचसा हिशेबाचा होता. लाल आणि हिरव्यातला फरक ज्या दोन प्रकारच्या शंकुपेशींमुळे कळतो, त्यांची संवेदनक्षमता एकमेकींवर फार चढलेली आहे. एकीचा कळस सुमारे ५६० नॅनोमीटरवर, दुसरीचा सुमारे ५३० वर. त्यामुळे डोळ्याला कितीही भडक वाटणारा लाल-हिरवा फरक असला, तरी या पेशींपर्यंत तो कुजबुज म्हणूनच पोचतो. काळा-पांढरा फरक मात्र ओरडून सांगितला जातो. एकाला ओरडू द्यायचं, दुसऱ्याला कुजबुजायला लावायचं आणि मग दुसऱ्याला काही सांगता येत नाही असा निकाल द्यायचा, हा न्याय झाला नाही. १९९२ साली टेक्सासच्या लॉरेन शार्फ आणि विल्सन गाइस्लर यांनी डोळ्याच्या भिंगाचे रंगदोष काढून टाकून हा प्रयोग पुन्हा केला. समान उजळपणावरही दोन डोळ्यांची खोली पूर्णपणे जात नाही, असं दिसलं. माँट्रियलमध्ये डेव्हिड सिमन्स आणि फ्रेडरिक किंगडम यांनी १९९४ साली आकडे मांडले. नुसत्या रंगावर खोली ओळखता येते, फक्त त्यासाठी रंगातला फरक पुरेसा ठळक लागतो.

दुसरीकडे शरीररचनेचा आधारही डळमळला. १९९० साली पीटर शिलर, निकोस लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दोन्ही मार्ग वेगवेगळे निकामी करून पाहिले. रंग वाहणारा लहान पेशींचा मार्ग गेला की बारीक खोलीचं आकलनही बिघडलं. म्हणजे सुईत दोरा ओवण्याची खोली बऱ्याच अंशी त्याच वाटेने येत होती जिथून रंग येतो.

खोलीच्या कामात रंग नेमकं काय करतो, हे मी आईला फोनवर समजावत होते तेव्हा तिनेच तो प्रश्न नेमका विचारला. तिला मी यूलेशचे ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांवरून सांगत होते. डाव्या डोळ्यात एक रांगोळी, उजव्या डोळ्यात तीच, पण काही ठिपके थोडे सरकलेले. ती म्हणाली, “अगं, पण सगळे ठिपके सारखेच. यातला कुठला त्यातल्या कुठल्याचा, हे डोळ्याला कळतं कसं?” नेमकं हेच. मेंदूपुढची मोठी अडचण ही जोड्या लावण्याची आहे. चुकीची जोडी लागली की खोलीही चुकीची. ठिपके पांढरेच असतील, तर एका ठिपक्याच्या जोडीसाठी शेजारचे पाच-सहा उमेदवार असतात. पण त्यात एक कुंकवाचा असेल आणि एक हळदीचा, तर गोंधळ तिथेच कमी होतो. जॉन जॉर्डन, गाइस्लर आणि ॲलन बोव्हिक यांनी १९९० साली हेच दाखवलं: जोडी संदिग्ध असते तिथे डोळा रंगाची मदत घेतो. इथे रंग स्वतः खोली मोजत नाही. मोजणाऱ्याने कुठे टेप लावायची ते तो सांगतो.

पण रंगाची सगळ्यात मोठी कामगिरी एका डोळ्याने पाहतानाही चालते, आणि ती सावल्यांच्या बाबतीत आहे. समोरच्या भिंतीवर एक काळपट पट्टा दिसतो. तो रंगाचा डाग आहे, की सावली, की भिंतच तिथे आत वळली आहे? नुसत्या उजळपणावरून हे सांगता येत नाही. तिन्हींमध्ये काळपट म्हणजे काळपटच. १९८९ साली पॅट्रिक कॅव्हानाग आणि इव्हान लक्लेर यांनी दाखवलं की चित्रातली सावली आकार दाखवण्यासाठी कोणत्याही रंगाची चालते, अगदी लाल किंवा निळीही. अट एवढीच की ती भोवतालापेक्षा गडद हवी. हे पहिल्यांदा वाचलं तर पुन्हा वाटतं, चला, रंग खोलीच्या कामातून बाद.

२००३ साली किंगडम यांनी याची दुसरी बाजू पुढे आणली. निसर्गात वस्तूचा रंग बदलतो तिथे सहसा वस्तू बदलते, पान संपून फांदी सुरू होते. सावली पडते तेव्हा मात्र उजळपणा फार बदलतो आणि रंग बराचसा तोच राहतो. डोळ्याला हा नियम ठाऊक असेल, तर? त्यांनी पडद्यावर उजेड-अंधाराचे तिरपे पट्टे काढले आणि त्यांना छेदणारे लाल-हिरवे पट्टे वर टाकले. पाहणाऱ्याला उजेड-अंधाराचे पट्टे एकदम पन्हळी पत्र्यासारखे उंचसखल दिसू लागले. मग लाल-हिरवे पट्टे उजेड-अंधाराच्या पट्ट्यांवर बरोबर जुळवून ठेवले, आणि पत्रा सपाट झाला. रंग आणि उजळपणा एकत्र बदलले, तर मेंदू म्हणतो, हा रंगवलेला डाग. उजळपणा एकटाच बदलला, तर म्हणतो, ही छाया, म्हणजे इथे उंचसखलपणा असणार. रंगाने स्वतः उठाव आणला नाही. त्याने छायेच्या बाजूने साक्ष दिली, आणि ती साक्ष पटल्यावर छायेने उठाव आणला.

मला या साऱ्या इतिहासात आवडतो तो प्रयोग याच्या उलट दिशेचा आहे. १९९९ साली मरिना ब्लोज, डॅन कर्स्टन आणि ॲन्या हर्लबर्ट यांनी पुस्तकासारखं मधोमध दुमडलेलं एक कार्ड घेतलं. एक बाजू गडद गुलाबी, मॅजेंटा रंगाची, दुसरी पांढरी. कार्डाची घडी आतल्या बाजूला असली की गुलाबी बाजूवरचा प्रकाश पांढऱ्या बाजूवर पडतो आणि ती किंचित गुलाबी होते. आपल्याला ती जवळजवळ पांढरीच दिसते, कारण मेंदू शेजारून आलेला गुलाबीपणा वजा करतो. आता व्हीटस्टन यांनीच पुढे तयार केलेल्या, खोली उलटी दाखवणाऱ्या उपकरणातून हेच कार्ड पाहिलं की ते छपरासारखं बाहेर आलेलं वाटतं. छपराच्या दोन उतारांचा प्रकाश एकमेकांवर पडत नाही. त्याबरोबर तीच पांढरी बाजू गडद गुलाबी दिसू लागते. डोळ्यात येणारा प्रकाश अजिबात बदललेला नाही. बदलला तो आकार, आणि आकाराने रंग बदलला. रंग आणि खोली यांची खाती वेगळी असती, तर हे घडलंच नसतं.

या सगळ्याचा उपयोग जंगलात विचारला तर लगेच कळतो. माणूस आणि त्याच्या जवळच्या माकडांना लाल-हिरवा फरक कळू लागला तो काही कोटी वर्षांपूर्वी, पानांच्या गर्दीत. तिथे उन्हाचे कवडसे पडतात, वाऱ्याने हलतात, आणि उजळपणाच्या खुणा क्षणाक्षणाला खोटं बोलतात. केंब्रिजच्या जॉन मोलन यांनी हा मुद्दा चांगला मांडला आहे: पिकलेलं फळ अशा जागी उजळपणाने नाही, रंगाने सापडतं. मी त्यात एवढंच म्हणेन की फळ सापडल्यावर फांदी किती पुढे आहे हेही कळावं लागतं, आणि कवडसा कोणता नि पान कोणतं हे ठरल्याशिवाय ते कळत नाही.

मग ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही, त्यांचं काय? युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. त्यांना खोली कमी दिसते का? रोजच्या व्यवहारात नाही. त्यांचा साक्षीदार एक कमी आहे, पण सावली, यथादर्शन, दोन डोळ्यांतला फरक, डोकं हलवल्यावर वस्तूंचं सरकणं, हे सगळे साक्षीदार जागेवर असतात. उलट १९९२ साली मायकेल मॉर्गन, आदम आणि मोलन यांनी दाखवलं की रंगांच्या गर्दीने लपवलेली आकृती कधीकधी रंगांधळ्या व्यक्तीला आधी सापडते. जो गोंधळ इतरांना दिसतो, तो तिला दिसतच नाही.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने ठळक केलं. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये एका उमेदवाराला रंगांधळेपणामुळे चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला गेला होता. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि अशा उमेदवारांना सर्व अभ्यासक्रम खुले करावेत असा निर्णय दिला. ही संस्था उभी आहे ती ‘प्रभात’च्या जागेवर. ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला होता, त्यासाठी जर्मनीत प्रक्रिया करून घेतली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्यानंतर त्याच मंडळींनी १९३६ साली कृष्णधवल ‘संत तुकाराम’ केला. त्यात अंतर, गाभारा, गर्दी, आभाळ, कशालाही खोलीची उणीव नाही. एक साक्षीदार गैरहजर असला म्हणून खटला निकालात निघत नाही, हे त्याच आवारात जन्मलेल्या सिनेमाच्या परंपरेने कधीच दाखवलं होतं.

म्हणून मला या इतिहासातली दोन्ही टोकं धोक्याची वाटतात. ‘खोली पाहणारी यंत्रणा रंगांधळी असते’ म्हटलं की रंग उरतो नुसता शोभेपुरता. ‘रंगाने खोली घडते’ म्हटलं की ज्याला रंग कमी दिसतात तो अर्धवट पाहणारा ठरतो. पुराव्याने दोन्ही टिकत नाहीत. रंग खोलीचा बाप नाही आणि पाहुणाही नाही. जोड्या लावताना, डाग आणि सावली वेगळी करताना, दूरच्या रांगा एकीमागे एक ठेवताना तो आपलं म्हणणं मांडतो आणि बऱ्याचदा निकाल त्याच्यावर फिरतो.

आजही माझ्या कामाचा पहिला अर्धा तास समान उजळपणा साधण्यात जातो. प्रत्येक माणसाचा लाल-हिरव्याचा तोल वेगळा असतो, त्यामुळे प्रयोगाला येणाऱ्या प्रत्येकासाठी तो नव्याने जुळवावा लागतो. लाल आणि हिरवा झपाझप आलटूनपालटून दाखवायचे आणि लुकलुक सगळ्यात कमी होईपर्यंत बटण फिरवायला सांगायचं. उजळपणा असा काढून टाकला की मागे उरतं ते काय सांगतं, हे पाहायला ही रीत उत्तम आहे. पण बाहेरच्या जगात उजळपणा आणि रंग कुणीच वेगळे करून देत नाही. व्हीटस्टन यांचं दुसरं वाक्य होतं ते याच जगाबद्दल.

प्रयोग करून पाहायचा असेल, तर उपकरण तुमच्या खिशात आहे. दुपारच्या उन्हात दाट झाडाखाली उभं राहून फोनवर एक फोटो काढा. तोच फोटो मग कृष्णधवल करा, आणि त्यात पान कुठे संपतं, सावली कुठे सुरू होते आणि कोणती फांदी पुढे आहे हे बोट ठेवून सांगायचा प्रयत्न करा. काही ठिकाणी सहज जमेल, काही ठिकाणी बोट अडेल. मग रंगीत फोटो पुन्हा उघडा आणि जिथे अडलं होतं तिथेच पाहा.